खुंटीवरचा कोट

या, पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकून बसणाऱ्यांपर्यंत कथा निम्मीच पोचते असं माझे वडील म्हणायचे, आणि ते हरिदास होते, त्यांना ठाऊक असणार. आज पोथीतलं आख्यान सांगत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. देव त्यातही आहे. तो कोणत्या दारानं आत आला ते तुमचं तुम्ही ओळखा.

अवूरच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, म्हणून ओगुतू बोलत होता तेव्हा तिला उत्तर देता येत नव्हतं.

"पेरणीच्या आधी माझा कोट तुझ्या खुंटीला लागेल," तो म्हणाला आणि शिवणयंत्रावर हात ठेवून उभा राहिला, जणू गाईच्या पाठीवर ठेवलाय. "घराचं छप्पर कुजलंय. उंदीर वरून खाली बघतात म्हणे."

अवूरनं एक एक टाचणी काढून माझ्या चोळीच्या बाहीला लावली. सगळ्या संपल्यावर म्हणाली, "उंदरांना बघू दे. ते काही मागत नाहीत."

ओगुतू हसला. तसा हसरा माणूस होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा उदय, हिला समजाव जरा. जीभ आणि सुई दोन्ही टोकदार असलेली बाई एकटी राहू नये."

उदय माझा मुलगा. तिकडे मामा म्हणजे आई, आणि बाईला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतात. व्हिक्टोरिया सरोवराच्या केनियाकडच्या काठावर साखर कारखान्याचं ते गाव होतं. आमचे हे, त्र्यंबकराव, कारखान्यात इंजिनियर. बाजारातल्या नरसीभाईंच्या दुकानाच्या ओट्यावर ओविती नावाचा शिंपी बसायचा. तो तापानं गेला आणि त्याच्या यंत्रावर त्याची बायको बसू लागली. ती अवूर. ओगुतू तिचा दीर. पदरात दोन मुली. मी मराठी, ती लुओ. दोघींची स्वाहिली सारखीच मोडकी, म्हणून आमचं छान जमायचं.

ओगुतू गेल्यावर मी विचारलं, "कोटाचं काय म्हणत होता?"

"आमच्याकडे नवरा गेला की बाई दिराची होते. दीर कोट घेऊन येतो, बाईच्या दारामागच्या खुंटीला लावतो. गावचा म्हातारा चार शब्द बोलतो. मग घराला धनी मिळाला."

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाही म्हणायला कोण अडवतंय? फक्त धनी नसलेल्या घराच्या छपराला कोणी गवताची पेंढी लावत नाही. शेतात बी पडत नाही. मी माझ्या हातानं लावलं तर गावाला वाटतं, आता कोणाचं तरी पोर मरणार. भितात सगळे. भिणाऱ्यांशी काय भांडणार, मामा?" तिनं पायटा दाबला. यंत्र सुरू झालं. "म्हाताऱ्या बायकांचं सोपं असतं. त्यांच्याकडे नुसता कोट टांगतात, कोटाचा मालक आपल्या घरी जाऊन झोपतो. आमच्या वयाला कोटाच्या आत माणूस असतो."

"त्याला तर घरी बायका आहेत ना?"

"दोन. त्याला तिसरी बायको नकोच आहे. हे हवंय." तिनं यंत्राच्या काळ्या पाठीवर बोट आपटलं. "हे त्याच्या घरात गेलं की सुई चालवायला मीही मागोमाग जाणार. आणि शिवलेलं सगळं त्याचं. मुलीसुद्धा त्याच्याच नावानं दिल्या जातील."

हे ती अशा आवाजात बोलली, जशी आपण गिरणीत दळण ठेवून घरी येताना बोलतो.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "चोळीला वेळ आहे. गोष्ट सांग. पाउक्वा!"

तिकडे गोष्ट मागताना असं म्हणतात. ऐकणाऱ्यानं आणि सांगणाऱ्यानं आधी एकमेकांना साद द्यायची. "पाकावा!" मी म्हटलं.

मला गोष्ट म्हटली की एकच प्रकार ठाऊक. वडिलांच्या कीर्तनांत वाढले मी. ते उभे राहायचे आणि मी माजघराच्या उंबऱ्यावर बसून ओठातल्या ओठात सगळं म्हणायची. पदं, आर्या, ओव्या, हशा कुठे घ्यायचा तेसुद्धा. आमच्या घरच्या बायका उभ्या राहत नसत. उंबऱ्यापर्यंत परवानगी होती.

तर मी सांगितलं. थोरला राजपुत्र बापाच्या शब्दासाठी वनात गेला. नाव तुम्हाला सांगायला नको. धाकटा त्याच्यामागे धावला, पाय धरले, आणि परत येताना त्याच्या पादुका डोक्यावर घेऊन आला. त्या सिंहासनावर ठेवल्या. चौदा वर्षं राज्य पादुकांच्या नावानं चाललं. मी पद हळूच म्हटलं, आणि अवूरचा पायटा आपोआप माझ्या तालात येऊन पडला. नरसीभाईंनी गल्ल्यावरून मान वर केली.

पद संपलं तसं यंत्र थांबलं.

"लाकडाच्या होत्या?"

"हो, लाकडाच्या."

"आणि लोक त्यांना राजा मानायचे? कोणी भांडलं नाही?"

"कोणी नाही."

"काम कोण करायचं?"

"धाकटा भाऊ."

"म्हणजे राबणारा खाली आणि लाकूड वर!" ती खदखदून हसली. "हे तर आमचंच गाव!"

"अगं, भक्तीची गोष्ट आहे ती!" मी कानाला हात लावला.

"रागावू नको. पादुका कोणी पायात घालून पाहिल्या का?"

"शिव शिव! कोण घालणार?"

"मग त्या कोणाच्या मापाच्या होत्या हे गावाला काय कळणार?" असं म्हणून ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. दोरा केव्हाच ओवला गेला होता.

पुढच्या बाजाराला तिनं मला विचारलं, "मामा, तुझ्याकडे जाड काळं कापड आहे? पुरुषाच्या कोटाचं?"

कापड नव्हतं, पण कोट होता. ह्यांचा लग्नातला, बंद गळ्याचा, लोकरी. त्या उकाड्यात पेटीच्या तळाशी कडुनिंबाच्या पाल्यात झोपलेला. मी तो काढला तर हे ओरडलेच.

"माझा लग्नातला कोट!"

"तुम्हाला बसतो का आता?"

त्यांनी पोटाकडे पाहिलं. "नाही."

"मग?"

"अगं, पण आठवण म्हणून..."

"आठवण म्हणून मी आहे ना घरात." असं म्हणून मी कोट पिशवीत घातला.

अवूरनं कोटाची शिवण पातीनं उसवली. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, अस्तर वेगळं. मग नव्यानं बेतू लागली. मी शेजारी बसून पाहत होते.

"कोणाला शिवतेस?" मी विचारलं.

"घराच्या धन्याला."

मला कोणीतरी पायरीवरून ढकलल्यासारखं झालं. "म्हणजे तू हो म्हटलंस? त्या ओगुतूला? आणि वर त्याला कोट शिवून देतेस, माझ्या घरातल्या कापडाचा?"

"तू धन्याचं नाव विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही." तोंडात पुन्हा टाचण्या गेल्या. त्या तोंडापुढे कोणाचं काही चालत नसे.

बातमी ओगुतूपर्यंत पोचली. तो खुशीत ओट्यावर आला. "शिंपीणबाई, माप घे."

"तुझं माप बाजारातल्या कोणालाही ठाऊक आहे," अवूर म्हणाली. "नवा कोट आधी खुंटीवर दिसू दे. सगळ्या गावासमोर काढून अंगात घाल. तुझ्या भावाच्या वेळी असलं काही झालं नव्हतं."

त्याला ते फार आवडलं. रीत अशी की कोट पुरुषानं स्वतःचा, स्वतः आणून टांगायचा. पण जुना मळका कोट टांगण्यापेक्षा गावासमोर नवाकोरा चढवायचा, ही कल्पना त्याच्या डोक्यात बसली ती बसलीच. दोन्ही बायकांनाही त्यानं ते सांगून ठेवलं.

मी दोन बाजार अवूरकडे गेलेच नाही. चोळ्या घरी हातानं शिवल्या, वाकड्या झाल्या. तिसऱ्या वेळी राग नाकावर ठेवून गेले तेव्हा ओट्यावर ओगुतूची आई बसली होती. तिला सगळे मिन ओगुतू म्हणत, म्हणजे ओगुतूची आई. वाळलेल्या शेंगेसारखी म्हातारी. बसली की हलायची नाही, बोलली की लागायचं.

"अजून झाला नाही का? माझा मुलगा वाट बघतोय," ती अवूरला म्हणाली. "चार टाके घालायला किती दिवस! सून शहाणी झाली की घराचा दिवा उशिरा लागतो."

"झालाच, आई."

म्हातारीनं कोट मांडीवर ओढला. बाही उलटी केली, काखेतली शिवण बोटानं चाचपली. मग खांद्याची रुंदी पंजानं मोजली. एकदा कोटावर, एकदा हवेत. मान वर करून ती सुनेकडे पाहू लागली. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता ही काहीतरी कडू बोलणार.

"काखेत दुहेरी टीप घाल," ती म्हणाली. "हात वर केला की तिथेच उसवतं."

आणि उठून गेली.

कोटाच्या रीतीचा दिवस आला. सकाळची वेळ होती. अवूरनं मला मुद्दाम बोलावलं होतं, आणि मी रागानं का होईना, गेले. गोल घर, मातीची भिंत, वर काळं पडलेलं गवत. अंगणात नव्या गवताच्या पेंढ्यांची रास आणि बांबूची शिडी. पुरुष झाडाखाली, बायका दुसऱ्या बाजूला. मधे स्टुलावर गावचे ओलूच. त्यांना सगळे म्झे ओलूच म्हणत. म्झे म्हणजे म्हातारबाबा. हातात माशा हाकलायची शेपटी.

ओगुतू धुतलेल्या सदऱ्यात, केसांना तेल लावून. अवूर दाराशी, साध्या निळ्या झग्यात. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहीना. मला रडू येत होतं. मनात देवाचा धावा चालला होता: हिला सोडव रे, मला तर काही सुचत नाही.

म्झे ओलूच आत वाकून पाहून आले. "कोट खुंटीला आहे का?"

"आहे," अवूर म्हणाली.

"पुरुषाचा कोट आहे का?"

"बटणं उजवीकडे आहेत, बाबा. तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं." ते पुन्हा स्टुलावर टेकले आणि शेपटी उभी धरली. "ज्याचा कोट या खुंटीला, त्याचा हात या छपराला. त्याचं बी या जमिनीत. हे घर त्याचं आणि तो या घराचा. मी बोललो, गावानं ऐकलं."

"ऐकलं!" सगळे म्हणाले.

ओगुतू उठला. दिमाखात आत गेला, कोट घेऊन बाहेर आला. गावाला दिसेल असा दोन्ही हातांनी उचलून धरला. कोट सुंदर झाला होता. बायकांनी जिभा टाळ्याला लावून आनंदाची लकेर काढली. ओगुतूनं उजवा हात बाहीत घातला.

हात कोपरापाशी अडकला.

त्यानं खांदा हलवला. जोर केला. डावा हात घालायला गेला तर पाठ आवळली, आणि तो दोन्ही कोपरं मागे धरून उभा राहिला, पकडलेल्या कोंबड्यासारखा. आधी कोणीच हसलं नाही. मग हसली ती त्याची थोरली बायको. असं हसली की शेजारणीला तिला धरावं लागलं. मग सगळं अंगण.

"हे काय शिवलंस?" ओगुतू ओरडला. "हा कोणाचा कोट?"

अवूर पुढे आली. त्याच्या हातातून कोट हळूच सोडवून घेतला. उजवा हात घातला, डावा हात घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. कोट तिच्या अंगावर असा बसला जसा देवळाच्या मूर्तीवर कवच बसतं. कुठे चुणी नाही.

"माझा," ती म्हणाली. "खुंटीला मी टांगला. गावानं ऐकलं."

आता हशा थांबला. पुरुषांत कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, हा खोटेपणा आहे. दुसरा म्हणाला, पोरंबाळं मरतील. ओगुतूला धीर आला. "बाई घराचा धनी! म्झे, तुमचे शब्द मागे घ्या. आणि यंत्र माझ्या भावाचं आहे, ते मी आत्ता नेतो."

तो दाराकडे वळला. मी उभी राहिले होते, पण परक्या गावात परकी बाई मी; काय बोलणार?

दारात मिन ओगुतू बसली होती. केव्हा येऊन बसली कोणी पाहिलं नव्हतं.

"आई, बाजूला हो."

"तुझा बाप गेला तेव्हा मी हिच्याएवढी होते," म्हातारी म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तू माझ्या पाठीवर होतास. त्याच्या भावाचा कोट माझ्या खुंटीला लावला. मला कोणी विचारलं नाही. त्या कोटाला दारूचा आणि माशाचा वास होता. तो माणूस मरून गेला, खुंटी मी उपटून चुलीत घातली, वास अजून जात नाही." ती थांबली. "कोणाचं पोर मरतंय म्हणता? त्या कोटाखाली माझी दोन मेली. तेव्हा कोणी म्हणालं नाही की रीत चुकली."

ओगुतू आईकडे पाहत राहिला. मला वाटतं, हे त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली, राशीतून एक पेंढी ओढली आणि सुनेसमोर धरली. "काखेत दुहेरी टीप घातलीस ना?"

"घातली, आई."

"मग हात वर कर."

सगळ्यांच्या नजरा म्झे ओलूचांकडे गेल्या. ते शेपटीनं माशा हाकलत होते.

"मी म्हातारा माणूस," शेवटी ते म्हणाले. "एकदा बोलायला दम लागतो. दोनदा मला बोलवत नाही. पुरुषाचा कोट आहे, खुंटीला होता, अंगाला बसला. ओगुतू, तुझ्या अंगाला बसला असता तर मी तुझंही ऐकलं असतं."

अवूर शिडी चढली. ऊन चढलेलं, अंगात लोकरीचा कोट गळ्यापर्यंत बंद. कपाळावरून घामाच्या धारा चालल्या होत्या, पण तिनं एक बटण सोडलं नाही. वर पोचून तिनं दोन्ही हात उंच केले आणि पहिली पेंढी छपराला लावली. शिवण उसवली नाही. दुसरी पेंढी ओगुतूच्या थोरल्या बायकोनं दिली. मग रांगच लागली. मीही एक दिली. बायकांच्या लकेरींनी कान भरले, आणि त्या आवाजात मला एकदम वडिलांचं पद ऐकू आलं, पादुका डोक्यावर घेऊन येणाऱ्या भावाचं. लाकूड राजा नव्हतंच हो. ज्यानं ते डोक्यावर घेऊन राबण्याचं मान्य केलं, राज्य त्याच्या हातांनी चाललं होतं. इतकी वर्षं मी उंबऱ्यावर बसून ते पद म्हणत होते, आणि ते कळायला मला इतक्या लांब यावं लागलं.

ओगुतू निघून गेला होता. पेरणीच्या दिवशी मात्र तो कुंपणाशी येऊन उभा राहिलेला मी पाहिला. अवूर कोट घालून बी टाकत होती. कुंपणाचा पडलेला खांब त्यानं सरळ केला.

रामनवमीला तिथल्या आमच्या मराठी मंडळात कीर्तनाला कोणी नव्हतं. दरवर्षी ध्वनिफीत लावायचो. त्या वर्षी आदल्या आठवड्यात अवूर माझ्याकडे एक पुडकं घेऊन आली. लांब, अरुंद, काळी पट्टी, कडेला लाल अस्तराची किनार. उपरण्यासारखी.

"कोटातून उरलं," ती म्हणाली. "तुझ्या मापाचं आहे."

"उपरण्याला कसलं गं माप?"

"घालून बघ."

मी घातलं. आणि रामनवमीला उभी राहिले. मंडळाचे दाणीसाहेब म्हणाले, "वहिनी, बायकांनी बसून म्हणायची पद्धत आहे." मी काही बोलायच्या आत त्र्यंबकरावांनी झांज उचलली आणि म्हणाले, "दाणी, माझा कोट गेलाय यात. आता मला बघू द्या." हशा झाला, आणि हशातच मी पहिलं पद उचललं. मागच्या भिंतीशी अवूर मुलींना घेऊन बसली होती. तिनं गुडघ्यावर पायट्याचा ताल धरला. तेव्हापासून उभी आहे ती आजपर्यंत, तुमच्यासमोर.

आम्ही परत आलो त्यालाही आता युग झालं. अवूर आहे की नाही, मला ठाऊक नाही. उपरण्याची किनार विरली, मी दोनदा बदलली. काळं कापड तेच आहे, बघा.

आता आरती होईल, बुक्का फिरेल, प्रसाद मिळेल. देवाला हात जोडाल तेव्हा तुमचं मागणं मागून झालं की एक श्वास तिच्यासाठी ठेवा. अवूर म्हणायचं, बस. आणि त्याच श्वासात त्या म्हातारीलाही, जिनं काख चाचपली आणि काही बोलली नाही.